दीपमाळेचा वरचा दिवा

फार जुन्या काळची गोष्ट. एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं, गावात एक देऊळ होतं आणि देवळापुढे एक दीपमाळ होती.

दीपमाळ काळ्या दगडाची होती आणि ताडासारखी उंच. तिच्या अंगातून चहूबाजूंनी दगडी हात बाहेर आलेले होते. प्रत्येक हाताच्या टोकाला ओंजळीएवढा खळगा, तेल घालायला. सगळ्यात वर, जिथे दगड संपतो आणि आभाळ सुरू होतं, तिथे एक मोठा खळगा होता. तो वरचा दिवा. त्रिपुरी पौर्णिमेला ही दीपमाळ पेटली की लहान मुलं बोलायची थांबत आणि म्हातारी माणसं नकळत हात जोडत. इतकी वर्षं बघूनही कुणाला तिची सवय झाली नव्हती.

ती पेटवायचा मान एका घराण्याकडे होता. त्या घराण्यातल्या माणसाला सगळे दिवेकरी म्हणत. आपल्या गोष्टीतल्या दिवेकऱ्याचं नाव येसबा.

दीपमाळ पेटवायची एक रीत होती. कमरेला तेलाची बुधली, गळ्यात वातींची पिशवी आणि पाठीला निखाऱ्याचं बोळकं बांधून दिवेकरी दगडी हातांवर पाय देत चढायचा. चढताना प्रत्येक खळग्यात तेल घालायचं, वात ठेवायची, पण पेटवायची नाही. पेटवली तर उतरताना ज्योतींनी अंग भाजायचं. म्हणून आधी थेट वर जायचं, वरचा दिवा लावायचा आणि मग एकेक दिवा लावत खाली यायचं. चढताना अंधार आणि उतरताना उजेड, असं ते काम होतं.

वरच्या दिव्याची गोष्ट वेगळी होती. खालचे दिवे गावापुरते, पण वरचा दिवा समोरच्या खोल दरीपलीकडच्या पठारावरून दिसायचा. तिथे एक लहानशी वाडी होती. डोळ्यांना जवळ, पण पायांना दिवसभराची वाट. त्या वाडीतल्या बाया संध्याकाळपासून दारात बसून असत. वरचा दिवा दिसला की मगच त्या आपल्या दारात पणत्या लावत.

त्या वाडीत येसबाची मोठी बहीण दिली होती. आक्का. आता तिचे गुडघे गेले होते, दरी उतरणं तिला शक्य नव्हतं. पण तो दिवा दिसला की ती म्हणायची, "माझा येसू चढला गं बाई. बरा आहे माझा भाऊ." वर्षातून एकदा येणारा भावाचा निरोप होता तो.

येसबा तरुणपणी बगळ्यासारखा सडसडीत होता. तो चढताना बघणाऱ्यांना वाटायचं, हा माणूस चढत नाही, दगडच याला वर उचलून घेतोय. मग पुढे त्याचं शरीर एवढं जड कसं झालं?

तर गावाच्या मायेनं झालं. गावात दिव्याच्या ताटाची चाल होती. कुणाच्या घरी सण असो, बारसं असो, लग्न असो, पहिलं वाढलेलं ताट दिवेकऱ्याच्या घरी जायचं. आणि ते ताट रिकामंच परत यायला हवं. त्यात काही उरलं तर त्या घरचा दिवा रुसतो, असं लोक मानत. पूर्वी गाव लहान होतं, गरीब होतं, तेव्हा महिन्यातून एखादं ताट यायचं. पुढे पाटाचं पाणी आलं, घरं वाढली, घरातलं दूधतूप वाढलं. रोज कुठून तरी ताट येऊ लागलं. पुरणपोळी, वर तुपाची धार, लाडू, बासुंदी. येसबाला कुणाचं मन मोडवत नसे. तो सगळं संपवायचा आणि मग देवळापुढच्या पारावर बसून राहायचा. दिवेलागणीशिवाय त्याला दुसरं काम नव्हतं.

त्याचं पोट वाढत गेलं. लोक हसून म्हणत, "आमच्या दिवेकऱ्याचं पोट बघा, गावाची भरभराट कळते!" येसबाही हसायचा. हसताना त्याला धाप लागायची, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही. त्याच्याही नाही.

एका त्रिपुरीला तो निम्म्यापर्यंत चढला आणि थांबला. छाती लोहाराच्या भात्यासारखी हलत होती. पाय लटपटत होते. त्यानं दोन्ही हातांनी दीपमाळेला मिठी मारली, कपाळ थंड दगडाला टेकवलं. वर बघितलं, तर अजून तेवढीच उंची शिल्लक होती.

खालून पुजारी ओरडला, "येसबा, पुरे! खाली ये बाबा, जिवापेक्षा मोठं काही नाही."

येसबा तिथूनच दिवे लावत खाली उतरला. दीपमाळ निम्मी उजळली, निम्मी अंधारात राहिली. लोकांनी त्याला सांभाळून पारावर बसवलं. "निम्मी तर निम्मी, झालं की!" म्हणाले. आणि त्याच्यापुढे एक भरलेलं ताट आणून ठेवलं.

दोन दिवसांनी दरीपलीकडून एक धनगर आला. देवळापाशी येऊन त्यानं विचारलं, "तुमचा दिवेकरी कधी गेला हो?"

"गेला? हा काय समोर बसलाय."

धनगर येसबाकडे बघतच राहिला. मग त्याच्याजवळ बसून हळू आवाजात म्हणाला, "बाबा, तुझी आक्का त्या दिवशी दारातून उठलीच नाही. वरचा दिवा दिसला नाही, म्हणून वाडीत कुणीच पणती लावली नाही. म्हातारी रडतेय. म्हणते, माझा भाऊ गेला, मला कुणी कळवलंसुद्धा नाही."

येसबा तसाच उठला आणि बहिणीला भेटायला निघाला. पण दरीच्या पहिल्याच उतारावर त्याचे गुडघे बोलू लागले, आणि परत चढून येताना तो तीनदा खाली बसला. शेवटी त्यानं धनगराचे हात धरले. "तिला सांग, मी आहे. पुढच्या त्रिपुरीला दिवा दिसेल, म्हणावं."

गावचा पाटील म्हणाला, "येसबा, कशाला शब्द देतोस? आपण यापुढे खालचेच दिवे लावू. वरचा नाही लागला तर काय बिघडतं? तो आपल्याला कुठे दिसतो, मान मोडेपर्यंत वर बघावं लागतं."

"पाटील, एक त्रिपुरी थांबा," येसबा म्हणाला. "तेव्हाही नाही जमलं, तर तुम्ही म्हणाल तसं."

येसबाला घाई झाली. घाईत माणूस करतो तेच त्यानं केलं, जेवण सोडून दिलं. नुसत्या पाण्यावर राहिला. आठवडा सरायच्या आत, देवळात सांजवात लावताना त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तो तेलासकट गाभाऱ्याच्या दारात आडवा झाला. मग बाजारात बसणाऱ्या एका वैदूकडून त्यानं कसलीशी पूड आणली. "पंधरा दिवसांत काडी होशील," वैदू म्हणाला होता. पुडीनं पोट झरझर धुऊन निघालं. गाल बसले, धोतर सैल झालं, पण हात असे थरथरू लागले की वात वळता येईना. उतरलं होतं ते अंगातलं बळ उतरलं होतं. पूड बंद केली, तर भूक वाघासारखी अंगावर आली आणि महिन्याभरात पोट पहिल्यापेक्षा पुढे गेलं.

अशाच एका संध्याकाळी येसबा घरच्या देव्हाऱ्यापुढे बसला होता. मन ठिकाणावर नव्हतं. त्यानं समईत तेल ओतलं ते ओततच राहिला. वात बुडाली, चुरचुरली आणि विझली. चिडून त्यानं तेल काढून टाकलं, थेंबभर ठेवलं. वात भडकली, काळी पडली, तीही विझली.

त्याची बायको राही भाकरी थापत होती. तिनं तिथूनच विचारलं, "काय चाललंय? दिवा लावताय की भांडताय त्याच्याशी?"

"लागत नाही."

राही पिठाचे हात घेऊन आली. "नवी सून होऊन आले होते, तेव्हा तुम्हीच शिकवलं होतं मला. वातीच्या गळ्यापर्यंत तेल. तोंडापर्यंत नाही आणि पायापुरतं नाही. विसरलात?"

तिनं बेतानं तेल घातलं, वात चिमटीनं वर ओढली, ज्योत लावली. ज्योत सरळ उभी राहिली, अगदी शांत.

येसबा त्या ज्योतीकडे बघत राहिला. आयुष्यभर दिवे लावले, पण असा दिवा त्यानं आज पहिल्यांदा पाहिला. मग त्यानं आपल्या पोटावर हात ठेवला, तो मुलाच्या डोक्यावर ठेवावा तसा.

"राही," तो म्हणाला, "मी हिला बुडवत होतो. आणि मधे उपाशी राहून हिलाच कोरडी जाळत होतो."

"कुणाला?"

"हिला. आतल्या वातीला."

राही चुलीकडे वळली. तिनं दोन भाकऱ्या, पालेभाजी, वाटीभर आमटी आणि ताक असं त्याच्यापुढे ठेवलं. येसबा सावकाश जेवला. प्रत्येक घास चावून, चव घेऊन. आणि अजून थोडी जागा आहे असं वाटलं, तेव्हा उठला. राहीनं डोळे मोठे केले. लग्न झाल्यापासून तो असा उठलेला तिनं पाहिला नव्हता.

पण घरचं जेवण सोपं होतं. खरी अडचण दिव्याच्या ताटाची होती.

येसबा सकाळी पाटलाच्या घरी गेला. पाटलाची आई ओट्यावर बसली होती. तिला सारं गाव थोरली म्हणत असे. गावातल्या सगळ्या चालीरीती तिच्या जिभेवर होत्या, आणि तिची जीभ तिखट होती.

"थोरली, यापुढे ताट माझ्या घरी पाठवू नका."

"का रे? आमचं तूप कडू लागायला लागलं?"

"तसं नाही. ताटानं माझ्याकडे यायचं, त्यापेक्षा मीच ताटाकडे येतो. ज्या घरी सण असेल तिथे मी चालत येईन. त्या घरच्या बाईच्या हातून एक घास घेईन. उरलेलं ताट ज्याला खरी भूक आहे त्याला द्या. ताट रिकामंच होईल, थोरली. चाल मोडणार नाही."

"आणि एका घासानं आमचा दिवा उजळेल होय?"

"दीपमाळ पेटायला एकच निखारा लागतो," येसबा म्हणाला. "टोपलंभर घेऊन चढलो तर मीच जळेन."

थोरलीनं त्याच्या धुळीनं माखलेल्या पायांकडे पाहिलं. मग आत बघून हाक मारली, "सूनबाई, कालचा लाडू आण गं. अर्धाच आण! दिवेकरी चालत आलाय."

तेव्हापासून येसबाचे पाय सुरू झाले. आधी शेजारची आळी. मग ओढ्यापलीकडची घरं. मग माळावरची वस्ती. सुरुवातीला तो वाटेत बसत बसत जायचा आणि गुराखी हसायचे. "दिवेकरी, दगड मोजताय का?" तो म्हणायचा, "नाही रे, श्वास शोधतोय. इथेच कुठे तरी सांडलाय."

पहिले काही महिने काहीच बदललं नाही. पोट होतं तिथेच होतं. येसबाला वाटायचं, सगळं फुकट आहे. मग एके दिवशी ओढ्याचा चढ चढून तो वर आला आणि थबकला. त्याच्या ध्यानात आलं की आज आपण बसलोच नाही. काही दिवसांनी धोतराची गाठ एक वीत आत बांधावी लागली. झोप अशी लागू लागली की कोंबडा आरवला तरच जाग. एका सकाळी वहाणा घालायला तो वाकला, तेव्हा त्याला आपल्या पायांची बोटं दिसली. पुष्कळ दिवसांनी गावाला आलेल्या पाहुण्यांकडे बघावं तसा तो त्यांच्याकडे बघत राहिला.

चूकही झाली. पाटलाच्या नातीच्या लग्नात जिलबी होती. येसबा पंगतीत बसला आणि उठायचं विसरला. घरी येऊन तो तोंड पाडून बसला. "संपलं सगळं. आता कशाला चालायचं?"

राही म्हणाली, "समईत एक दिवस तेल जास्त झालं, म्हणून कुणी समई उकिरड्यावर टाकतं का? उठा. ओढ्यावर जाऊन या, तोवर भाकरी होते."

तो उठला आणि गेला.

दिवाळी आली. घरोघरी करंज्या, चकल्या, अनारसे यांचा घमघमाट सुटला. येसबा प्रत्येक घरी गेला, एकेक घास घेत. शेवटच्या दिवशी थोरलीनं मुद्दाम चांदीच्या ताटात सारा फराळ मांडला, वर सायीचं दही ठेवलं आणि समोर बसली. "आज एकदा पोटभर खा रे. वर्षभर केलंस ना? मला माझ्या हातानं वाढायचंय."

तिच्या आवाजात या वेळी तिखटपणा नव्हता. नुसती माया होती, आणि तीच सगळ्यात अवघड होती. येसबाला दरीपलीकडचा अंधार आठवला.

"थोरली," तो म्हणाला, "तुमच्या ओट्यावरून वरचा दिवा दिसत नाही. माझ्या आक्काच्या ओट्यावरून तेवढाच दिसतो."

थोरलीनं ताट बाजूला सारलं. एक करंजी मोडली, अर्धी त्याला दिली, अर्धी स्वतः खाल्ली. "जा," ती म्हणाली. "लावून ये."

त्रिपुरी पौर्णिमा आली. सूर्य डोंगराआड गेला. सारं गाव देवळापुढे जमलं. येसबानं बुधली बांधली, पिशवी गळ्यात घातली, बोळकं पाठीला लावलं. तो काही पुन्हा बगळा झाला नव्हता. अंगानं अजून भारदस्तच होता. पण पहिल्या दगडी हातावर त्यानं पाय ठेवला तो न चाचपडता.

तो चढू लागला. तेल घालायचं, वात ठेवायची, श्वास घ्यायचा. तेल, वात, श्वास. निम्म्यावर तो दगड आला, जिथे गेल्या वर्षी त्यानं मिठी मारली होती. त्याच्या पोटऱ्या थरथरल्या. येसबानं कपाळ दगडाला टेकवलं, डोळे मिटले. आत श्वास येत होता, जात होता. राहीच्या समईतल्या ज्योतीसारखा सरळ. दगड तोच होता. अंग तेच होतं. पण आज ते त्याच्या बरोबर चढत होतं.

त्यानं पुढचा पाय उचलला.

वर पोचला तेव्हा वारा लागला. एवढा मोकळा वारा तो विसरूनच गेला होता. त्यानं मोठ्या खळग्यात तेल ओतलं, हाताएवढी वात ठेवली, निखारा लावला. ज्योत आधी निळी झाली, मग पिवळी झाली आणि मग एकदम उभी राहिली. चंद्र नुकता वर येत होता. येसबा एका बाजूला चंद्र आणि एका बाजूला ज्योत घेऊन दरीपलीकडे बघत राहिला.

तिथे काळोख होता.

तो थांबला. वात फुरफुरत होती. आक्का दारात बसली असेल का? बसली असली तरी तिला दिसत असेल का? की वाट बघून आत गेली असेल?

आणि मग त्या काळोखात एक ठिपका उमटला. मोहरीएवढा. त्याच्या शेजारी दुसरा. मग तिसरा. मग सारी वाडी पठाराच्या कडेला उजळली. जणू डोंगरानं डोळे उघडले.

येसबाचे डोळे भरून आले. खालून कुणी विचारत होतं, "काय झालं? दिवेकरी, काय दिसतंय?" एवढंसं आपलं शरीर. भाकरीवर चालणारं, श्वासावर चालणारं. त्याला जपलं तर ते माणसाला कुठवर घेऊन येतं, आणि तिथून काय काय दिसतं!

मग तो एकेक दिवा लावत खाली उतरला. त्याच्या मागोमाग उजेड उतरत आला. तो जमिनीवर पोचला तेव्हा पायथ्यापासून आभाळापर्यंत दीपमाळ पेटलेली होती. पाटील मान मोडेपर्यंत वर बघत होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे येसबा दरी उतरला आणि दिवस मावळता पठारावर चढला. आक्का दारातच होती. तिनं त्याला जवळ बसवलं, त्याच्या तोंडावरून, खांद्यांवरून हात फिरवला आणि तिचा चेहरा उतरला.

"येसू, अरे किती वाळलास! तिकडे कुणी जेवायला घालत नाही का तुला?"

येसबा इतका हसला, इतका हसला, आणि त्याला धाप लागली नाही.

आक्कानं भाकरी केली, वर लोण्याचा गोळा ठेवला. तो पोटाला लागेल तेवढं जेवला. ती आणखी वाढायला लागली, तेव्हा त्यानं ताटावर हात आडवा धरला.

"एक घास तुझ्या हातानं भरव," तो म्हणाला, "आणि मग पुरे."

तात्पर्य एवढंच: शरीर हा आपल्याला सांभाळायला दिलेला दिवा आहे. तो अति खाण्यानं बुडतो आणि उपाशी ठेवल्यानं जळतो. बेतानं खावं, रोज चालावं आणि धीर धरावा, म्हणजे तो उंचावर जाऊन लांबच्या माणसालाही उजेड देतो.